अंबूबाईची दाढ आणि पाच शाखा

एकोणीसशे शेहेचाळीसच्या हिवाळ्यात वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावर राहणाऱ्या अंबूबाईची डावीकडची दाढ दुखू लागली. त्याच सुमारास एका विद्यापीठाच्या ध्यानात आले की, माणसाचे दुखणे एकट्या डॉक्टरवर सोपवणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो पुढे जोडण्यात आला.

विद्यापीठाने ‘बहुशाखीय समन्वित आरोग्य व जनसेवा अभ्यासक्रम’ काढला आणि वेल्ह्याच्या धर्मशाळेत वैद्यक, समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि गृहशास्त्र अशा पाच शाखा सतरंज्यांसकट आणून उतरवल्या. चालक होते प्राध्यापक गोगटे. अतिशय सज्जन माणूस; समन्वय झाल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नसत.

अंबूबाई गालाला फडके बांधून डोंगर उतरली, तेव्हा तिला एवढेच ठाऊक होते की डाक्तर आलाय. डॉक्टर सबनिसांनी तिला तोंड उघडायला लावले, आत डोकावून ‘किडलीय’ म्हणाले आणि चिमटा उचलला. अंबूबाईने बिरोबाचे नाव घेऊन डोळे मिटले.

“डॉक्टर!” दारातून गोगटे ओरडले. “आपण एकशाखीय वागत आहात!”

सबनीस ओशाळले. चिमटा खाली गेला, अंबूबाईचे तोंड मात्र उघडेच राहिले.

सभा भरली. दुखणे दाढेत आहे, असे वैद्यकाचे मत पडले. मानसशास्त्र म्हणाले, दुखणे मनात असते, दाढ हे निमित्त. समाजशास्त्राने दोघांचीही कीव केली. दुखते ते समाजाला, बाई फक्त ओरडते. गृहशास्त्राच्या बाईंनी मऊ भात कसा शिजवावा ते करून दाखवले, आणि तो भात पाचही शाखांनी मिळून संपवला.

“लहानपणी या दाढेबद्दल तुमची भावना काय होती?” मानसशास्त्राने विचारले.

“तवा ती नव्हती,” अंबूबाई कळवळून म्हणाली. “आता हाय. काढा की वो!”

“रुग्ण सहकार्य करत नाही,” मानसशास्त्राने नोंदवले.

कायदा म्हणाला, दाढ स्थावर की जंगम हे आधी ठरले पाहिजे. हलत असेल तर जंगम. त्याने बोटाने हलवून पाहिली, तशी अंबूबाई किंचाळली आणि मुद्दा अनिर्णित राहिला.

अखेर दुखणे समाजाचे असल्याने उपचार समाजावरच करावेत, असे एकमताने ठरले. अंबूबाईचा नवरा भिमा घोंगडी सावरत पुढे आला, तर त्याला हिवतापावरचे कोयनेल पाजण्यात आले. मग सासूला. मग साऱ्या वाड्याला. कडू तोंडाने माणसे आडवी झाली आणि मेंढरे मोकाट सुटली. त्यांना आवरायला अंबूबाई धावली, आणि बिथरलेल्या एका एडक्याने तिच्या गालावर अशी काही धडक दिली की ती भुईवर बसली आणि दाढ तिच्या ओंजळीत आली.

अंबूबाई रक्त थुंकली आणि मग हसली. हसतच धावत धर्मशाळेत आली.

“सायेब, निघाली! लई बरं वाटतंय!”

गोगट्यांचा चेहरा पांढरा पडला. “बाई, हे काय केलंत? कुलगुरूसाहेब पाहणीला येताहेत. तुम्हीच बऱ्या झालात, तर अभ्यासक्रम कशाचा?”

“म्या काय केलं? एडक्यानं केलं.”

“एडका कोणत्याच शाखेत नाही,” गोगटे हताशपणे म्हणाले. “त्याचा उपचार ग्राह्य धरता येत नाही.” मग ते एकदम अजिजीला आले. “साहेब जाईपर्यंत तेवढं दुखतंय म्हणा. रोज शिरा मिळेल.”

अंबूबाईने विचार केला. “किती दुखू?”

“मध्यम.”

ती इतकी सुरेख दुखली की पाहुण्यांचे डोळे पाणावले. काय होते आहे असे साहेबांनी विचारताच ती गाल धरून म्हणाली, “समाजाला ठणका लागलाय, सायेब. समनवय व्हवा.” साहेबांनी तिथल्या तिथे तिला समितीवर लोकप्रतिनिधी नेमले. खुर्ची मिळाली, शाल मिळाली. अंबूबाई खुर्चीत जरा अवघडून बसली. संध्याकाळपर्यंत ती सैलावली.

काही दिवसांनी पालीहून पारूबाई आली. ही अंबूबाईची मावसबहीण. गाल भोपळ्याएवढा, डोळ्यांतून धारा. डॉक्टर सबनिसांनी इकडेतिकडे पाहिले. गोगटे पुण्याला गेले होते, बाकीच्या शाखा जेवत होत्या. त्यांनी हळूच चिमटा हातात घेतला.

“डाक्तर,” खुर्चीतून आवाज आला, “असं एकट्यानं करायचं न्हाई.”

“अंबे, अगं म्या हाय!” पारूबाई रडत म्हणाली. “मरतीया गं म्या. काढू दे त्यास्नी.”

अंबूबाईची जीभ दाढेच्या रिकाम्या जागेवरून एकदा फिरली. क्षणभर तिला वाटले, काढू द्यावी. मग तिने शाल सारखी केली.

“तुमचं दुखणं समितीनं ऐकलंय, पारूबाई. भायेर बसा. सभा भरंल.”

पारूबाईने असा टाहो फोडला की धर्मशाळेचे पत्रे हादरले. बाहेर पायरीपासून चिंचेच्या झाडापर्यंत सभेची वाट पाहत माणसे बसली होती. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय सुजलेला, कुणी तापाने फणफणलेले. सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांना राग आला होता. चिमट्याचा नाही, खुर्चीचा नाही, पारूबाईचा.

“ए बाई, गप की!” पाय सुजलेला सावळाराम खेकसला. “आमी न्हाई का बसलो?”

तेवढे बोलून त्याने रांगेतली शेवटची जागा बोटाने दाखवली. आपण तिथे असतो, तर तिच्यासाठी थोडे सरकून घेतले असते. आपण सभ्य माणसे.