भिंतीवरचा आठवडा

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर सासूबाईंच्या इंग्रजी शिकवणीतून मिळालेलं कॅलेंडर लटकत होतं. रोज एक पान फाडायचं. पानावर एक इंग्रजी वाक्प्रचार, खाली मराठी अर्थ. या महिन्याचा विषय होता भांडण.

सोमवारी 'लॉक हॉर्न्स' निघालं; शिंगाला शिंग भिडवणे. त्याच सकाळी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून सासूसुनेची जुंपली. मंगळवारी 'स्प्लिट हेअर्स', शब्दाचा कीस पाडणे. सासूबाईंनी "जरा वेळ" म्हणजे नेमका किती वेळ, यावर तासभर खल केला. बुधवारी 'आगीत तेल ओतणे' आलं, आणि नवरा दारात चपला काढतो न काढतो तोच सासूबाईंनी दोन्ही भांडणं त्याच्या कानात ओतली.

गुरुवारचं पान सूनबाईने कुणी उठायच्या आत फाडून पिठाच्या डब्यात पुरलं. तरी पानावर होतं तसंच झालं. सासूबाईंनी जुनी मढी उकरली, थेट लग्नातल्या मानपानापर्यंत. शुक्रवारी पान होतं, पाठ फिरवणे. नवरा डबा न घेता कामावर गेला. जाताना ओट्यावर भाड्याच्या दोन खोल्यांची जाहिरात ठेवून गेला.

शनिवारी सूनबाईने वरचं पान न फाडताच खालचं रविवारचं पान उचकटून पाहिलं. 'वाटा वेगळ्या होणे.' पंखा बंद होता, तरी पान हललं.

"आई, हे घर मोडणार आहे," ती पुटपुटली. "त्या पानांवरचं खरं होतंय."

सासूबाई ओशाळल्या. "अगं वेडाबाई, ते मी करत होते. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, रोजचा वाक्प्रचार घरात वापरून बघा, म्हणजे विसरत नाही."

"म्हणजे लग्नातला मानपान..."

"गृहपाठ होता तो."

सूनबाईला हसावं की रडावं कळेना. "आणि कालचं? यांनी पाठ फिरवली ते?"

सासूबाईंचा हात पदराशी थबकला. "कालचं मला ठाऊकच नाही गं. गेल्या रविवारी पुढची चार पानं वाचली आणि चष्म्याची दांडी मोडली. चष्मा अजून दुकानात आहे."

दोघी कॅलेंडरकडे बघत राहिल्या. रविवारचं पान पुन्हा हललं.

"सुई आण," सासूबाई हळूच म्हणाल्या. "जाड दोरा ओव. मला दिसायचं नाही."

सुनेने दोरा ओवला. एकीने गठ्ठा घट्ट धरला, दुसरीने टाके घातले. शनिवारपासून महिनाअखेरपर्यंत, दुहेरी गाठ मारून. आठवड्यात पहिल्यांदाच दोघींचं एका कामावर एकमत झालं होतं.

रविवारी नवरा उठला. खिळ्याखाली डोकं खाजवत उभा राहिला.

"आई, तारीख का शिवलीस?"

"उसवायला आली होती," सासूबाई म्हणाल्या.

त्याने सुनेकडे पाहिलं. तिने मान डोलावली. ओट्यावरची जाहिरात मात्र कुठे दिसेना. सूनबाई पिठाच्या डब्याचं झाकण दाबून बसवत होती.