पाय बुडवून आत

गेली पाच वर्षं मी दर मंगळवारी दोनदा आंघोळ करतो. पहिली डोंबिवलीत, घरी. दुसरी शहाडच्या पुढे हिराबाय मावशींच्या फाटकात, पत्र्याच्या आडोशाला, भर थंडीतसुद्धा. एक झालीय, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलेलं. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बादली पुढे सरकवली. "ती तुज्यासाठी केलीस. ही माज्या कोंबऱ्यांसाठी कर."

मी एका चिकन कंपनीचा सुपरवायझर आहे. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, शेडवाले ती दीड महिना वाढवतात, आणि मी बाईकवर शेडमागून शेड हिंडत वजनं, मरतुक आणि शेडवाल्यांची गाऱ्हाणी लिहून घेतो. बावन्न वर्षांचा झालो. कंबर गेलीय, बाईक तर कंबरेच्याही आधी गेलीय. अशा माणसाला सकाळी साडेसहाला गार पाण्याची बादली दाखवणाऱ्या बाईबद्दल मी लिहायला बसलोय, यावरून काय ते समजा.

साडेसहा का, तर मावशींचा हुकूम. दिवसाला मी पाच शेडं करतो, त्यात पहिलं त्यांचं. दुसऱ्याच्या कोंबड्यांत फिरून त्यांच्याकडे पाऊल टाकायचं नाही. त्यांच्या मते रोगराई म्हणजे मीच, फक्त पगारावर ठेवलेली. फाटकात गेलो की "ये, बस, चहा घे" वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "कुटून आलास?" घरून आलो म्हटलं की नजर माझ्या पायांवर. "तोंड खोटं बोलतं रं, पाय नाय बोलत. जे येतं ते पायानं येतं."

मग विधी सुरू. आधी जांभळ्या औषधाच्या पाण्याचा ट्रे. त्यात पाय बुडवून, मावशी "हां" म्हणेपर्यंत उभं राहायचं. त्या लवकर "हां" म्हणत नाहीत. पुढे चुन्याच्या पट्टीवरून चालायचं, मग आंघोळ, मग पाहुण्यांचे म्हणून ठेवलेले कपडे घालायचे. म्हणजे मावशींच्या गेलेल्या नवऱ्याचा लेंगा आणि पाठीवर कुठल्याशा गोविंदा पथकाचं नाव असलेला नारिंगी टी-शर्ट. मी दहीहंडीच्या खालच्या थरातलासुद्धा दिसत नाही, पण सांगणार कोणाला!

आता कंपनीच्या पुस्तकातही हे सगळं लिहिलंय, नाही असं नाही. पण पुस्तकातलं कोण पाळतं हो? बाकीच्या शेडांवर ट्रे असतो, त्यात पाणी नसतं. पाणी असलंच तर त्यात बेडूक असतो. मावशींच्या ट्रेचं पाणी मात्र रोज बदललेलं. त्या औषधाने माझे तळपाय कायमचे तपकिरी झालेत. मागे एका लग्नात चपला काढून पंगतीला बसलो, तर मेहुणीने सगळ्यांसमोर विचारलं, "भाओजी, मेंदी का हो लावलीय?" बायको आठवडाभर हसत होती.

मावशींकडे सूट कोणालाच नाही. निवडणुकीला एक उमेदवार पांढऱ्या बुटांत दहा माणसं घेऊन आलेला. मावशी फाटकातच उभ्या. "मत घरात हाय. घरात यायचं तर पाय बुरवा." तो कसनुसा हसला, बूट काढले आणि बुडवले बिचाऱ्याने. मागे त्याची दहा माणसं, दहाही जण पँटी गुडघ्यापर्यंत वर घेऊन रांगेत. वास्तुशांतीला आलेले भटजी म्हणाले, "अहो, मी स्नान करूनच निघालोय." त्यांनाही तेच उत्तर, "ती तुमच्या देवासाठी केलीत." भटजींनी गोविंदा पथकाच्या टी-शर्टात पूजा सांगितली. सख्ख्या बहिणीने नवसाचा गावठी कोंबडा पाठवला, तो रस्त्यावरूनच परत गेला आणि बहीण दोन वर्षं बोलली नाही.

हळूहळू लोकांनी यायचंच सोडलं. शेजारीण होळीची पोळी फाटकावरून देते आणि उभ्याउभ्या निघते. आंघोळ करून चहा प्यायला कोण येणार? नवरा गेलेला, मुलगी सासरी. शेडात तीन हजार जीव आणि ओट्यावर ही बाई एकटी. "कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं. "येतो ना," म्हणाल्या आणि माझ्या मोबाईलचा मागचा भाग पुसायला घेतला.

मुलगी वैशाली ठाण्याला, माजिवड्यात. जावई नितीन, मोठा भला पोरगा, पण त्याचं चिकनचं दुकान. म्हणजे मावशींच्या कायद्यात एक नंबरचा आरोपी. पहिल्या दिवाळसणाला नवे कपडे घालून आला, तर त्यालाही ट्रे, चुना, बादली. जावयाला दिवाळीत आंघोळ घालतात हे खरं, पण फाटकात? विहीणबाई फणकारल्या. मग त्यांना उमेदवाराची आणि भटजींची गोष्ट कळली, तेव्हा "बाईच येडी आहे" म्हणून गप्प झाल्या. पुढे नितीन फाटकापर्यंतच यायला लागला, आणि मायलेकी कल्याणच्या एसटी स्टँडवर भेटायच्या. डबा द्यायचा, डबा घ्यायचा, तासभर बाकावर बसायचं. घरी परतल्यावर मावशी स्वतः आंघोळ करायच्या.

यंदा एका मंगळवारी मी गेलो, तर मावशींनी "कुटून आलास" विचारलंच नाही. खाद्याच्या गोणीवर बसून होत्या. मी आपला सवयीने ट्रेमध्ये उभा. "हां" काही येईना.

"ही बॅच गेली का फुडची पिल्लां नको टाकूस," त्या म्हणाल्या. "त्याच्या फुडची पन नको."

माझं डोकंच फिरलं. "अहो मावशी, दोन बॅच शेड रिकामं ठेवलं तर कंपनी यादीतून नाव काढते. परत नंबर लागेल याची मी गॅरंटी देऊ शकत नाही. करणार काय मग तुम्ही?"

"वैशूला सातवा लागला."

लग्नाला सहा वर्षं झालेली. किती डॉक्टर केले, ते मला एसटी स्टँडच्या गोष्टींतून तुकड्यातुकड्याने माहीत होतं. मी म्हटलं, मग आनंदच आहे की, बाळंतपणाला येईल इकडे.

"नाय येत बोलली. 'आई, मी माजिवऱ्यालाच रातंय. जावई रोज दुकानातून येनार, सासू येनार, बारशाला चार मानसां येनार. तुज्या कोंबऱ्यांना तरास नको.'" मावशींनी पदराने नाक पुसलं. "रागानं नाय रं बोलली. मनापासून बोलली. त्याचंच वाईट वाटलं."

मी आधीच वैतागलेलो, पाय औषधात, सरळ बोलून गेलो. "मग एवढे कायदे केलेत कशाला? पोरीला माहेर राहिलं नाही त्यापायी!"

मग जे सांगितलं, ते त्यांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मीही इथे नावं बदलूनच सांगतोय.

"साकरपुऱ्याला वैशूच्या सासरचा टेंपो आलता. दुकानाचाच. मागं पिंजरं तसंच. शेडाच्या भिंतीला लावून उभा केला. कोनाला काय ठावं? आठ दिवसांनी पयली कोंबरी मान वाकरी करून परली. डॉक्टर बोलला, मानमोडी. पंधरा दिवसांत शेड रिकामा. ह्यांनी खड्डा खनला, चुना टाकला. ह्यांना वाटलं कावल्यांनी रोग आनला. मरंपर्यंत कावल्यांना दगर मारीत बसलं. मी बोलले, हां, कावलंच. पन टेंपोखालची पिसां मीच झारली व्हती ना."

"आणि बोलला नाहीत?"

"लगीन तोंडावर. पोरीला पांढऱ्या पायाची बोलले असते. सासरची येगली बोलली असती, गावची येगली." त्या उठल्या, माझ्यासाठी बादली भरायला लागल्या. "मंग नुसत्या जावयाचंच पाय बुरवलं असतं तर सगल्यांना उमजलं असतं. म्हनून सगल्यांचंच बुरवलं. भटजीचं, पुढाऱ्याचं, तुजं. मी येरी झाले तर चालल."

पाच वर्षं मी त्या ट्रेला शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी आंघोळ गपगुमान केली आणि ऑफिसच्या फॉर्मवर लिहिलं, शेड दुरुस्तीसाठी बंद. दोन बॅच चालेल अशी दुरुस्ती कसली, असं साहेबांनी विचारलं. पत्रे, म्हटलं. नंबर परत लागेल की नाही ते अजून ठरलेलं नाही. मी रोज साहेबांच्या मागे लागलोय.

शेड बंद केल्याचं कळल्यावर वैशाली यायला तयार झाली. ती आली त्या रविवारी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेलेलो. शेड रिकामं, धुतलेलं, पडदे वर गुंडाळलेले. दुकानाचा टेंपो थेट फाटकाशी येऊन थांबला. वैशाली हळूहळू उतरली आणि सवयीने सलवार जरा वर धरून ट्रे शोधायला लागली. ट्रे नव्हताच.

मावशी तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

"आई, औषध नाही घातलंस?" वैशालीने खाली बघत विचारलं.

"साधं पानी हाय गं. जा, घरात जा."

नितीन मागे टेंपोजवळच उभा राहिलेला. शर्टाची बटणं काढायला लागला, नजर पत्र्याच्या आडोशाकडे. मावशींनी त्याच्याकडे बघितलं.

"कुटून आलात, जावई?"

"दुकानातून, आई. थेट." त्याचा चेहराच पडला. "उशीर झालेला, म्हणून... करतो ना आंघोळ."

मावशी पुढे झाल्या, तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "तसंच या."