आग्नेसबाईंच्या घंटा

माझ्याच दुकानात, माझ्याच मालातली घंटी वाजवून मला गप्प करणारी बाई या जगात एकच झाली. आग्नेसबाई.

मी भांड्यांचा धंदा सायकलवरून उभा केला. निलंग्यापासून जळकोटपर्यंत खेडोपाडी पितळ विकत आणि जुन्या भांड्यांची मोड घेत हिंडलो, तेव्हा कुठं लातुरात दुकान झालं. भाव करताना माझा आवाज चढतो. तो धंद्याचाच भाग आहे. समोरचा चिडला की चुकतो, आणि चुकला की सौदा आपला. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि बाई येईपर्यंत ते कधी फसलंही नव्हतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या हापिसांच्या पाट्या रंगत होत्या आणि नळ कोरडे पडले होते. चारा नाही म्हणून गावोगावची जनावरं बाजाराला गेली आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा माझ्याकडं मोडीत आल्या, पोतंभर. त्या पोत्यापाशी आग्नेसबाई येऊन बसल्या. एकेक घंटा कानाशी नेऊन वाजवायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा पोत्यात टाकायच्या.

"बाई, नव्या घ्या की. कशा चकाकत्यात बघा."

"चकाकतात, पण बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी निवडलेल्या घंटांचा मी भाव सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली. मी आवाज चढवला. पितळेची टंचाई सांगितली, हमाली सांगितली, लेकराबाळांची शपथ घेतली. बाईंनी शेजारच्या टोपलीतली देवघरात ठेवायची एक इवलीशी घंटी उचलली आणि एकदाच वाजवली. टिंग.

"हे काय?"

"आमच्या घरात अशा घंटीचा अर्थ, पुन्हा विचार करा."

मी विचार केला नाही, मला रागच आला. पण बाई बोलेचनात. बोलणाऱ्या माणसाशी मी दिवसभर भांडू शकतो, गप्प माणसाशी कसं भांडायचं? शेवटी मीच भाव उतरवला. कुणी काही न म्हणता पुन्हा उतरवला. वर ती इवली घंटी फुकट देऊन बसलो. ते आजही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

त्याच आठवड्यात त्या माझ्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. खोल्या माझ्या बायकोनं देऊन टाकल्या होत्या, मला न विचारता.

माणसं नगरकडची, पक्की कॅथलिक. नवरा सायमन बोअरच्या मशीनवर मेकॅनिक. दुष्काळात मशीन पाणी शोधत फिरायचं, मशीनमागं बिऱ्हाड फिरायचं आणि बिऱ्हाडाबरोबर दोन मुली, थेरेसा आणि लूसी. दर नव्या गावात शाळा म्हणायची, आधीचा दाखला आणा. दाखला येईपर्यंत मशीन पुढच्या तालुक्यात. कंटाळून बाईंनी मुलींची शाळा घरातच काढली. त्या स्वतः सिस्टर लोकांच्या बोर्डिंगात वाढलेल्या. तिथं सगळा दिवस घंटेवर चालायचा. त्या म्हणायच्या, "शाळा बरोबर नेता येत नाही. घंटा नेता येते."

सकाळी घुंगरमाळ हलली की मुली उठायच्या आणि मरियामातेच्या तसबिरीपुढं हात जोडायच्या. गाईची घंटी वाजली की गणित, शेळीची वाजली की भूगोल, म्हशीची वाजली की जेवण. मारणं नाही, रागावणं नाही. उत्तर चुकलं तर ती इवली घंटी, टिंग, आणि मुलीनं परत सांगायचं. "ओरडलं की मूल आवाज ऐकतं, शब्द ऐकत नाही," असं बाई म्हणायच्या, आणि ते म्हणताना तोंड बरोबर माझ्या दुकानाच्या भिंतीकडं असायचं. दिवस बुडताना मुली ओट्यावर खेळायला सुटायच्या, आणि तेव्हा बैलाची मोठी घंटा संथपणे तीन तीन टोल द्यायची. ती कशाची, हे कुणाला कळत नव्हतं.

घोटाळा टँकरनं केला. पाण्याचा टँकर आला की त्याचा क्लीनर घंटा हलवायचा आणि गल्ली घागरी घेऊन धावायची. बाईंचं गणित सुरू झालं तशी गल्ली धावली. टँकर नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हशीच्या घंटीला पुन्हा धावली. तिसऱ्या दिवशी टँकर खरोखर आला, क्लीनरनं हात दुखेपर्यंत घंटा हलवली, आणि बायका घरात बसून म्हणाल्या, "चालू द्या बाईचा भूगोल." टँकर भरलेलाच पुढच्या गल्लीत गेला.

संध्याकाळी सगळी गल्ली माझ्या दुकानासमोर. समोरच्या घरातल्या गयाबाईनं रिकामी घागर माझ्या पायरीवर आदळली. "शेठ, तुमची भाडेकरीण हाय, तुमीच बघा. एक तर त्या घंटा ऱ्हातील, न्हाईतर आमी."

मला तेच हवं होतं. तडक मागं गेलो. "बाई, सगळ्या घंटा बंद!"

त्यांनी गाईची काढून दिली. शेळीची दिली, म्हशीची दिली, घुंगरमाळही दिली. घासाघीस नाही. "आम्ही फुलपात्रावर चमचा वाजवू," म्हणाल्या. इवलीचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नव्हता, म्हणून तिच्याकडं मी बघितलं नाही. उरली बैलाची.

"ही नाही," बाई म्हणाल्या.

"ही तर समद्यात मोठी! आन् ती वाजती तवा शाळा सुटलेली असती. मग ह्यो कशाचा तास?"

तेव्हा ती बाई पहिल्यांदा घाईघाईनं बोलली. "त्या वेळेला आमच्या गावात चर्चची घंटा होते. जो जिथं असेल तिथं थांबतो, मरियामातेची प्रार्थना म्हणतो. इथं मला ती ऐकू येत नाही. आणि हे महिना महिना घरी नसतात. लग्नात आमचं ठरलंय, त्या वेळेला तिकडं ते मशीन थांबवतील, इकडं मी घंटा वाजवीन. तेवढाच वेळ आम्ही बरोबर असतो, दादा. बाकीच्या न्या. ही नेऊ नका."

नड असलेलं गिऱ्हाईक मी लांबून ओळखतो. अशा वेळी दाबायचं असतं. मी बाहेर आलो आणि गयाबाईला सांगितलं, "दिवस बुडताना टँकर येत न्हाई. ती एक ऱ्हाऊ दे."

"शेठ, तुमी बी?"

"पाच मागितल्या, चार आणल्या. सौदा असाच असतो. जावा आता."

पुढच्या महिन्यात मोड आणायला जळकोटच्या बाजूला गेलो, तर एका गावात सायमनचं मशीन भेटलं. सगळं गाव भोवती उभं, सगळे धुरळ्यानं पांढरे. दिवस बुडायला आला. मी मुद्दाम थांबलो, म्हटलं, बघू तर. दिवस बुडाला. मशीन धडधडतच राहिलं. माझा आवाज तिथं कामाला आला.

"अवो सायमन! टाइम झाला की! घंटा!"

तेलानं माखलेला तो माणूस मला बाजूला घेऊन गेला. "आधी थांबवायचो, शेठ. आता कसं थांबवू? ह्या लोकांचे डोळे बघा. ओल लागायच्या वेळेला मशीन बंद केलं तर मलाच बोअरात घालतील." मग हळूच म्हणाला, "तिला सांगू नका."

मी आयुष्यात खोटं खूप बोललो, पण सगळं माझ्या मालासाठी. परत आलो तेव्हा बाई मुलींचं पाठांतर घेत होत्या.

"मशीन दिसलं का हो, दादा? त्या वेळेला होतात का तिथं?"

"व्हतो की. बंद केलं त्यांनी. टोपी काढून हुबे ऱ्हायले. आन् समदं गाव बी गप हुबं ऱ्हायलं!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग बोटानं इवल्या घंटीला अगदी हलकेच टिचकी मारली. टिंग.

धाकटी लूसी लगेच म्हणाली, "काका, चुकलं तुमचं. परत सांगायचं असतं."

दुसरं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते तोंडातून निघेना.

"राहू दे, लूसी," बाई म्हणाल्या. "काकांना सुट्टी." त्यांनी पदर डोक्यावर घेतला, बैलाची घंटा उचलली आणि ओट्यावर गेल्या.

मी दुकानात येऊन बसलो. निलंग्याकडचं एक गिऱ्हाईक पातेली बघत होतं. भावावरून आमचं चांगलंच पेटलं होतं, तेवढ्यात मागून पहिला टोल आला. मी बोलणं तोडलं आणि तराजू खाली ठेवून उभा राहिलो.

"का वो शेठ? काय झालं?"

"गप ऱ्हा जरा," मी म्हणालो. "मशीन बंद हाय."