होड्यांचा फोटोवाला

नातीच्या लग्नाला फोटोवाला ठरवायचाय, त्यात माझं काय काम? पण नाय. "आजोबा, तुमच्या वेळची गंमत लिहून द्या." गंमत म्हणे! चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला या वयात लिहायला बसवतात आणि वर हसतात. लिहितो, पण मधे कोणी बोलायचं नाय.

साल चौसष्ट. लग्न माझं, एडवणला, आमच्याच वाडीत. नवरी शैला, बेटेगावची. तिला लहानाची मोठी केली तिच्या आजीनं, माईनं. आणि नेमकी माई पाय मोडून खाटेवर. तिचा निरोप आला, "मला यायला नाय जमत. पोरगी नवरी झालेली फोटोत तरी दाखवा."

म्हणून मी पालघरला गेलो. स्टुडिओवाल्यानं स्टुलावर बसवलं, निरखलं आणि म्हणाला, "तोंड जरा सैल सोडा." माझं तोंड हे असंच आहे. (आरशानं कधी तक्रार केली नव्हती.) उठलो तो थेट सातपाटीला. तिथे मच्छीमार सोसायटीत एका होडीचा फोटो टांगलेला. काय फोटो! फळीन् फळी मोजून घ्यावी. काढणारा कमलाकांत. तिथल्या तिथे ठरवून टाकला.

तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अरे, त्यानं माणूस कधी काढलाय काय?"

"लाकडात एवढा जीव आणतो, तर माणसाचं काय?"

"मग तुझा चांगला येईल."

लग्नाला कमलाकांत उशिरा आला. वाटेत नव्या होडीची पूजा चाललेली, हार-नारळ बघून त्याला राहवलं नाय. रोलात एकच फोटो शिल्लक. अक्षता पडल्यावर आमी दोघं समोर उभे राहिलो, तर हा ओरडला, "समोरून नाय! आडवे वळा, दोघंपण. समोरून होडीची लांबी कळते काय?"

वळलो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, शैला माझ्या पलीकडे. माझा फेटा त्याला डोलकाठीसारखा सरळ पाहिजे, त्यातच सगळा वेळ. शैला हळूच म्हणाली, "आवो, मी दिसते काय?"

"गप उभी राहा." (नवरा म्हणून माझं पहिलं वाक्य.)

फोटो घेऊन आमी बेटेगावला गेलो. माईनं तो जवळ धरला, लांब धरला. फोटोत फेटा, माझं पोट आणि माझं नाक. नाकातला केसन् केस मोजून घ्यावा.

"माझी पोरगी कुठे हाय?"

मी घाम पुसला. माईचं बोट फोटोवरून फिरत माझ्या पाठीशी थांबलं. तिथे हिरव्या चुड्याचा एक हात, उपरण्याची गाठ घट्ट धरलेला. "ही काय! माझा पदर अशीच धरून चालायची." म्हातारी रडली, हसली, परत रडली. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. (बेटेगावला धूळ फार.)

वाटलं, सुटलो. दिवाळीला गेलो तर माईच्या उशाशी फ्रेम. फ्रेमीत नुसता तो हात.

"आणि मी कुठाय?"

"फ्रेम बारकी होती, जावईबापू."

कमलाकांत गेला, त्याला केव्हाच माफ केलं. माईवर तर रागावताच आलं नाय. पण खाटेवरच्या माईला कात्री आणून कोणी दिली, ते मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या दारी बसून आत्ताही माझ्यावर हसतेय. माफी मागायची राहिलीय ती तिनं, शैलानं.