बनियनचं ऑपरेशन

"माझ्यावाचून तीन दिवस स्टोअर चालवून दाखवा, चौथ्या दिवशी मी आपण होऊन राजीनामा देते!"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोअरबाईंनी हे वाक्य पंपांच्या त्या कारखान्यात सात वेळा ऐकवलं. साहेबांच्या केबिनमध्ये, पॅकिंगमध्ये, अकाउंट्समध्ये, दोनदा जिन्यात, एकदा गेटवर, आणि ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा वजनकाट्यासमोर.

त्यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं सुट्या भागांचं ते स्टोअर बाईंच्या ताब्यात होतं. अकराशे खण! कंप्युटरात यादी होती, पण ती पाच वर्षांपूर्वीची. खरी यादी बाईंच्या डोक्यात. रबरी सील खालच्या फळीवर, कारण वरच्या फळीला ऊन लागतं. पितळी वॉशर पंख्यामागच्या डब्यात, कारण समोर ठेवले तर पाय फुटतात. स्क्रू मागायला कुणी आलं की बाई त्याच्याकडे असं बघत, जणू तो यांची किडनी मागायला आलाय!

या उभ्याने करायच्या नोकरीत आणि चिंचोळ्या बुटांत उजव्या पायाचं वाटोळं झालं होतं. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं सुपारीएवढं, आणि अंगठा शेजारच्या बोटावर असा रेलला होता, की बसमध्ये डुलक्या काढणारा माणूससुद्धा इतका निर्लज्जपणे रेलत नाही. डॉक्टर त्याला 'बनियन' म्हणाले. तिथून घरात घोळ सुरू झाला.

"बनियनचं ऑपरेशन?" नणंदेने फोनवर विचारलं. "फाटलं तर नवं आणा की! आणि दादाच्या बनियनसाठी तू का दवाखान्यात?"

"अहो वन्सं, पायाचं बनियन!"

"पायात बनियन घालतेस? बाई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

ऑपरेशन झालं. हाड कापून अंगठा सरळ केला आणि दोन स्क्रूंनी बसवला. शुद्धीवर आल्याआल्या बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "किती स्क्रू?"

"दोन."

"कशाचे?"

"टायटॅनियमचे."

"साइज? आणि जास्तीचे काढले होते ते परत जमा केलेत ना?"

एक्स-रे उजेडात धरून दोन स्क्रू स्वतः मोजले, तेव्हा कुठे बाईंनी मान टेकली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच, सहा आठवडे पुढच्या पंजावर अजिबात भार नाही, चालायचं ते फक्त टाचेवर. त्यासाठी एक बूट मिळाला. पुढून अधांतरी, मागून जाड, दाराला लावायच्या पाचरीसारखा. "आणि मुख्य म्हणजे," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "डोक्याला ताप नको."

बाईंचा नवरा म्हणजे अबोल माणूस. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जेवताना डाव्या हाताशी वर्तमानपत्र आणि त्यावर लाल पेन्सिल. बाई रोज जेवताना कारखान्याची साद्यंत हकीकत सांगायच्या आणि हा माणूस ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसायचा. "भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी आला असता!" असं बाई नणंदेला सांगत.

पहिले तीन दिवस पाय चार उशांवर आणि मोबाइल छातीवर ठेवून बाई वाट बघत राहिल्या. आता वाजेल. आता रडतील. फोन वाजला नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी नवऱ्याला त्याच्या मोबाइलवरून फोन लावायला सांगितला. लगेच वाजला. म्हणजे मोबाइल धडधाकट! मग त्यांनी स्वतःच कारखान्यात फोन केला. स्टोअर तात्पुरतं पॅकिंगच्या बाईंकडे दिलं होतं. आवाज असा, की जणू मधात बुडवून काढलेला.

"सगळं छान चाललंय मॅडम! तुम्ही आराम करा हं!"

छान! आग लागली म्हणाल्या असत्या, पूर आला म्हणाल्या असत्या, तरी बाई समजू शकल्या असत्या. पण छान?

"ऑइल सील सापडले?"

"हो की."

"कसे?"

"सापडले असेच," असं म्हणून मधाने फोन ठेवला.

बाईंचा रक्तदाब बोटात ठणकू लागला. अकराशे खण आणि 'असेच'? नक्कीच कुणीतरी सगळे डबे जमिनीवर उपडे केले असणार. नाहीतर आव-जाव घर तुम्हारा म्हणून ज्याला जे हवं ते उचलून देत असणार!

या संशयाला मूळ धरायला दोन दिवस लागले, तोवर दुसरा उगवला. नवरा! अकरा वाजले की त्याच्या खिशातला मोबाइल गुरगुरायचा आणि हा उठून गॅलरीत जायचा. तीन वाजता पुन्हा तेच. जाताना दार लोटून घ्यायचा. आणि एक दिवस तर बाईंनी त्याला गॅलरीत हसताना ऐकलं. खळखळून! हा माणूस हसतो हेच बाईंना इतक्या वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

बाईंनी कान लावले. तुटक तुटक ऐकू आलं.

"झोपलीये. बोला."

मग, "छे छे, तिला कळता कामा नये. कळलं तर माझी धडगत नाही."

मग, "मागच्या बाजूने या. अंधार असतो तिथे. घाबरू नका, हळूच हात घाला."

आणि सगळ्यांत शेवटी, अगदी मऊ आवाजात, "तुम्ही फार चटकन शिकता हो!"

बाईंच्या हातातली बर्फाची पिशवी उशीवर वितळून गेली, त्यांना पत्ता लागला नाही. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"माझा दादा?" नणंद हसत सुटली. "अगं, दुकानदाराने कमी तोललं तरी तो 'धन्यवाद' म्हणून येतो! त्याला कोण विचारतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "केस बिस विंचरतो का हल्ली?"

"विंचरतो."

"दुपारी?"

"दुपारी!"

"मग बाई लक्ष ठेव," म्हणून नणंदेने आगीत तेल ओतलं आणि आमटी लागतेय म्हणून फोन ठेवला.

लक्ष ठेवायचं कसं? तो बूट! बिछान्यावरून उतरलं की ठाक. पाऊल टाकलं की ठाक. दोन ठाक झाले की नवरा हजर, "काय हवंय? मी देतो ना!" चोराच्या पायाला घुंगरू बांधावं तशी गत! बाईंनी आधी बुटाला टॉवेल गुंडाळून पाहिला, तर टाच घसरू लागली. मग बसून सरकत जायचं ठरवलं, पण उठणार कसं? शेवटी नजर गेली नवऱ्याच्या टेबलापाशी. तिथे त्याची चाकांची खुर्ची होती. बिनआवाजाची! तिच्या चाकांना गेल्याच महिन्यात बाईंनी स्वतःच्या हाताने तेल घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मोबाइल गुरगुरला. नवरा गॅलरीत गेला. बाई भिंत धरून खुर्चीत बसल्या, उजवा पाय तोफेसारखा समोर ताणला आणि डाव्या पायाने जमीन रेटत निघाल्या. खोली ओलांडली. पॅसेज आला. इथपर्यंत झकास काम झालं.

पण पॅसेजच्या फरशीला गॅलरीकडे उतार होता. फरशी पुसताना पाणी आपोआप तिकडे जातं म्हणून बाई आल्यागेल्याला तो उतार कौतुकाने दाखवायच्या. पाणी जातं, तर खुर्ची का थांबेल? पहिल्या दोन हातांत तिने वेग घेतला. बाईंनी डावा पाय टेकला, तो लागला काल बुटावरून काढून फेकलेल्या टॉवेलवर. धरायला पडदा सापडला, तो दांडीसकट बरोबर आला. लोटलेलं दार धाडकन उघडलं, आणि पडदा, दांडी, खुर्ची नि बाई अशी सगळी वरात गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जाऊन आदळली!

ओल्या चादरीखालून बाईंना काही दिसेना. पण आवाज शाबूत होता.

"कोण आहे ती बया? बोलवा तिला समोर! लाज नाही वाटत, लोकांच्या नवऱ्यांचं ऐकून अंधारात हात घालते!"

नवरा हातात वही घेऊन भिंतीला चिकटून उभा होता. लिहायला हात मोकळा हवा म्हणून त्याने मोबाइल कठड्यावर ठेवला होता, स्पीकरवर.

मोबाइलमधून कुणीतरी खाकरलं. "मॅडम... मी साहेब बोलतोय."

बाईंनी चादर आणखी तोंडावर ओढून घेतली.

"आणि मी पॅकिंग," मध म्हणाला, जरा आंबट होऊन. "ती बया."

"मी अकाउंट्सवाला. तुम्ही पडलात का हो मॅडम?"

"आम्ही अकरा जण आहोत इथे," साहेब म्हणाले. "गॅस्केट सापडत नव्हतं म्हणून काकांना फोन केला होता. काका म्हणाले, पंख्यामागे हात घाला. ते असू द्या. पाय कसा आहे?"

पायाचं नंतर, आधी बाईंना चादरीतून सोडवणं आलं! नवऱ्याने आणि शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मिळून ते काम केलं. मग टॅक्सी, मग दवाखाना, मग पुन्हा एक्स-रे. दोन्ही स्क्रू जागच्या जागी होते. अंगठा सरळ होता. मात्र कमरेला वांग्याच्या रंगाचा डाग पडला होता आणि डावा घोटा सुजला होता.

"पडलात कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

"घसरली," नवरा घाईघाईने म्हणाला.

"बसल्याजागी?" डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि दोन आठवडे वाढवून दिले.

परत येताना टॅक्सीत बाई म्हणाल्या, "गॅस्केट कुठे असतं ते तुम्हाला काय माहीत? तुम्ही स्टोअरची पायरीसुद्धा चढला नाहीत कधी."

"तूच सांगतेस की. रोज जेवताना."

"तुम्ही पेपर वाचत असता!"

"डोळे पेपरात असतात. कान रिकामेच असतात." नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तुझ्या रजेच्या अर्जावर माझा नंबर होता. दुसऱ्याच दिवशी फोन आला, साडेतीन इंची बेअरिंग सापडेना म्हणून. मी म्हटलं, डाव्या रांगेत, गंजलेल्या कपाटात, चौथा खण. तिथेच होतं!"

"मला का नाही सांगितलंत?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप नको." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि चार वर्षं झाली गं, मला कुणी काही विचारून. फोन आला की बरं वाटायचं."

बाईंनी विचारलं, "आणि केस का विंचरता?"

"साहेब कधीकधी व्हिडिओ लावतात."

त्यानंतर अकरा आणि तीनचे फोन बाईंच्या बिछान्याशेजारी होऊ लागले. बाई पाय उंचावर ठेवून चुका शोधत ऐकायच्या. एकही सापडली नाही, आणि याचा त्यांना राग आला तो वेगळाच. पॅकिंगच्या बाईंची माफी मागायला त्यांना तीन दिवस आणि चार घोट पाणी लागलं. त्या मधाळ आवाजात, मोठ्या मनाने म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, मला पहिल्यांदाच कुणीतरी बया समजलं."

आठ आठवडे सरले. रुंद पंज्याचे नवे बूट घालून बाई कामावर गेल्या. अकराशे खण जागच्या जागी होते. राजीनाम्याची आठवण कुणी काढली नाही, आणि बाईंनीही तो विषय उकरला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घरी फोन लावला. एंगेज! पाच मिनिटांनी पुन्हा एंगेज. दहा मिनिटांनीही तेच.

आता कोण? स्टोअर तर माझ्याकडे आहे! बाई उठल्या. पॅकिंगच्या बाई डबा खात होत्या, त्यांचा मोबाइल पालथा पडला होता. साहेब केबिनमध्ये घोरत होते. अकाउंट्सच्या दाराशी मात्र कुजबुज ऐकू आली. बाई आवाज न करता दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हो काका," अकाउंट्सवाला तोंडाशी हात धरून बोलत होता. "सकाळपासून तीनदाच उभ्या राहिल्या. नाही, लंगडत नाहीत. स्टूल दिलंय, बसतात त्यावर. डबा? डबा अजून उघडलेला दिसत नाही..." त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला. "काका, त्या इथेच आहेत. दारात. तुमच्याशी बोलायचंय वाटतं."

बाईंनी फोनसाठी हात पुढे केला.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.