सिंधूकाकींच्या जीपचा ब्रेक

भाड्याची खोली बघायला मी घोटावड्यात गेलो, तेव्हा सिंधूकाकींनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या स्कूटरला किक मारली आणि शेजारी उकिडव्या बसून कान लावला.

"एअर फिल्टर कवा बदललाय?"

मला आठवेना.

"खोली देते. पर आदी फिल्टर बदला."

असा मी त्यांचा भाडेकरू झालो. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो म्हटल्यावर त्यांनी मला 'इंजिनेर' म्हणायला सुरुवात केली आणि मला इंजिनातलं काही कळत नाही हे समजल्यावरही ते नाव सोडलं नाही. चिडवायला बरं पडत असावं.

काकी साठीच्या. साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट. नवरा दारातल्या जुन्या पेट्रोल जीपमधून वडाप करायचा, सीटमागे भाडं घेऊन गावोगावची माणसं न्यायचा. तो गेल्यावर जीप विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काकींनी इंजिनातले इतके दोष सांगितले की तो पळाला. मग स्वतःच चालवायला शिकल्या.

बसणं त्यांना जमत नाही. चहा अंगणात फेऱ्या मारत पितात. "बसून काय व्हतंय?" हे दिवसातून वीसदा. माझी मीटिंग चालू असताना खिडकीवर टकटक व्हायची, "इंजिनेर, जरा बॅटरी धरा." बॅटरी म्हणजे टॉर्च. मी बॅटरी धरायला गेलो की ऑफिसातले लोक स्क्रीनवर माझी वाट बघत बसायचे.

मध्यंतरी त्यांनी पिरंगुटच्या मेस्त्रीकडून इंजिनात वेगळा कॅमशाफ्ट घालून घेतला. झडपा किती आणि कधी उघडायच्या, ते ठरवणारा दांडा. जीप घाटात भलतीच पळायला लागली. "डंपर मागं टाकला आज!" गावभर सांगून झालं. एवढी घाई कशाची, असं विचारलं तर म्हणायच्या, "मागनं हॉर्न वाजिवत्यात मेले."

एका मंगळवारी मलाही पुण्यात काम होतं, म्हणून त्यांच्या शेजारी बसलो. मागच्या सीटवर त्यांच्या थोरल्या जाऊबाई, मालनबाई. त्यांचं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. घरात दुसरं कुणी नाही, काकीच नेतात. मात्र विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून दोघींचं भांडण झालेलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. त्यामुळे त्या दिवशी बोलण्याची ने-आण माझ्याकडे आली.

"त्यांना सांगा, काच खाली घ्या म्हनावं."

"सांगा, धूळ येती."

दोघींमध्ये दीड हाताचं अंतर.

दवाखान्याच्या फाटकाशी जीप अगदी हळू झाली होती. समोरून एकजण व्हीलचेअर ढकलत आला. काकींनी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं. त्या सीटवरून उठून जवळजवळ पेडलवर उभ्याच राहिल्या, हँडब्रेकही ओढला. व्हीलचेअरपासून हातभर अलीकडे जीप थांबली. मालनबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

मग मागून बारीक आवाज आला, "त्यांना इचारा, कुटं लागलं का."

"न्हाई म्हनावं," काकी म्हणाल्या. हँडब्रेक त्यांनी अजून सोडला नव्हता.

येताना काकींनी सगळा रस्ता हँडब्रेकवर हात ठेवून, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत जीप आणली. आता शुक्रवारपर्यंत वेळ. मेस्त्री म्हणाला, बूस्टर गेला, नवा टाका.

"आदी सोपं बगू," म्हणत काकींनी बॉनेट उघडलं. "ह्यो काळा डबा, बूस्टर. इंजिन ह्यातली हवा वडून घेतंय, म्हनून ब्रेकला पाय हलका पडतोय. आता खरं कोन अन् खोटं कोन, ते बगायचं."

बुधवारी दिवसभर त्या भाकरी हातात घेऊन जीपभोवती फिरत होत्या. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबायचं, पाय तसाच ठेवून गाडी चालू करायची. पेडल पायाखाली सरकायला हवं. जेमतेम सरकलं. नळी तपासली, कुठे चीर नाही. नळीतला वॉल्व्ह काढून तोंडाने फुंकला, हवा एकाच बाजूने जाते. थोडी रेस धरून मग इंजिन बंद केलं, जरा थांबून पेडल दाबलं, तर मऊ!

"डबा चांगला हाय," त्या ओरडल्या. "हवा धरून ठेवतोय."

मग नळी काढून तिच्या तोंडावर बोट ठेवलं. गाडी नुसती चालू, तर ओढ मरतुकडी. रेस धरली की बोट चिकटतंय.

"कॅमनं घात केला, इंजिनेर. जोर वाढला, पर गाडी हळू झाली की वढायची ताकदच न्हाई."

मेस्त्रीला पटलं. म्हणाला, हवा ओढायला वेगळा पंप बसवतो, पळणंही राहील. काकी विचारात पडल्या. गुरुवारी सकाळी मालनबाईंनी कुंपणापलीकडून मला हाक मारली. काकी जीपखाली होत्या, पाय तेवढे दिसत होते.

"त्यांना सांगा, मला गाडीत उलटी व्हती म्हनून पळवता, ठावं हाय, पर ती पैल्यापास्नंच व्हती. उशीर झाला तरी मी दम धरीन. उगं पळवू नका."

मी निरोप सांगायला वाकलो. "ऐकलं," आतून आवाज आला.

त्याच दिवशी जुना कॅम परत बसला. शुक्रवारी मी काम नसतानाही गेलो. घाटात डंपर हॉर्न देत पुढे गेले, काकींनी बघितलंही नाही. दर वळणाला डोळे मागच्या आरशात. पेडल लोण्यासारखं. फाटकाशी जीप कधी थांबली, कळलंच नाही.

मालनबाई आत गेल्यावर काकी पार्किंगमध्ये येरझारा घालत होत्या. मी विचारलं, "काकी, एवढं करता, मग एकदा बोलून का टाकत नाही?"

"बोललं की आमचं भांडान व्हतंय," त्या चालता चालता म्हणाल्या. "अन् भांडली तर गाडीत बसायची न्हाई, लई हट्टी हाय. मग तिला हितं आनंल कोन?"

चार तासांनी दार उघडलं. मालनबाई भिंतीला धरून येत होत्या. काकी माझं बोलणं अर्ध्यावर सोडून धावल्या. दंडाला धरलं, पायरी आली तशी थांबल्या, पदर सावरून दिला. जीपपर्यंत दोघींपैकी कुणी अक्षर बोललं नाही.