अब्बासचाचांचं नाक

सकाळी सात वाजता जळोचीतली माणसं दात घासत असतात, तेव्हा अब्बासचाचा नाक धूत असतात. तेही घरात नव्हे, ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून. मान तिरकी, तोंड उघडं. तोटीच्या भांड्यातलं कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून आत जातं आणि दुसरीतून बाहेर पडतं. मी समोरच राहतो. माझा पहिला चहा रोज हे दृश्य बघत घशाखाली उतरतो, आणि तक्रार करतच उतरतो.

चाचांचा मिरची-मसाला कांडायचा डंक आहे. अशा धंद्यात नाक धुणं समजण्यासारखं आहे. पण चाचांचं एकट्याच्या नाकावर भागत नाही. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "नाक कसं हाय?" शिंक ऐकून ते निदान करतात : "ही धुळीची. ही पंख्याखाली झोपल्याची." इंदापूरला एका लग्नात नवरदेव शिंकला, तर अक्षता पडायच्या आत चाचांनी त्याला पाण्यात मीठ किती घालायचं ते सांगितलं. मुंडावळ्यांआडून त्यानं मान डोलावली. दुसरं करतो काय बिचारा!

एकदा मीही तावडीत सापडलो. पाणी उकळून निवलेलंच पाहिजे, नळाचं कच्चं चालणार नाही, हा त्यांचा कडक नियम. तो मी पाळला. "गुरुजी, तोंडानं श्वास घ्या. आन् मधी बोलू नगा," त्यांनी बजावलं. जन्म शिकवण्यात गेलेला माणूस मी, "बरं" म्हणालो. पुढची पाच मिनिटं ठसकत आणि रडत काढली.

डोळे पुसत मी विचारलं, "चाचा, तुम्हाला हा सर्दीचा त्रास कधीपासून?"

"मला? माझं नाक टकाटक हाय."

"मग रोज धुता कशाला?" मी विचारलं. चाचांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

गिऱ्हाइकांचा मसाला भाजायचं काम चाचींचं. कुणाचे धने किती भाजायचे, खोबरं कधी उतरवायचं, हे त्या नुसत्या वासावर ठरवत. मागल्या वर्षी जबर सर्दी झाली आणि वासच गेला. बावड्याच्या एका घरचा वर्षाचा मसाला करपला, तरी त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून त्या कढईजवळ फिरकल्या नव्हत्या. डॉक्टरांनी नाक धुवायला सांगितलं, पण वास येईलच असं काही सांगितलं नाही.

"लाजत हुती, गुरुजी. म्हनली, लोकं हसतील. मी म्हनलं, तू आत धू, मी भायेर धुतो. लोकं मला हसत्यात, तवर तिचं निवांत हुतं."

त्या हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. मला माझीच लाज वाटली.

उन्हाळ्यात आमचा मसाला घेऊन गेलो. भाजायला आता चाचाच बसत, आणि हात काही बसत नव्हता. धने कढईत होते आणि चाचा माझ्या नाकाची चौकशी करत होते. तेवढ्यात आतून चाचींचा आवाज आला.

"अवो, धनं करपाय लागलं! उतरवा की!"

चाचांचा हात थांबला. "काय म्हनलीस?"

"धनं करपाय लागलं म्हनलं!"

"पुन्यांदा म्हन की," चाचा म्हणाले. कढईतून धूर निघत होता, पण त्यांना उतरवायचं भान नव्हतं.

चाची तरातरा बाहेर आल्या. कढई उतरवली, चाचांच्या हातातलं उलथनं हिसकावून घेतलं आणि त्यांना बाजूला सारून चुलीपाशी बसल्या.

"गुरुजी, दुसरं धनं आणा," त्या म्हणाल्या. "ह्ये गेलं वाया."

चाचा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी पिशवी उचलली आणि निघालो. धने आणायला इतक्या आनंदानं मी जन्मात कधी गेलो नव्हतो.